शिट्टीकाका

काही माणसांना रिकामी खुर्ची दिसली की बसावंसं वाटतं. शिट्टीकाकांना रिकामं मूल दिसलं की त्याला कुठल्या तरी वर्गात बसवावंसं वाटतं. रिकामं मूल म्हणजे जिन्याच्या पायरीवर बसून चपलेचा तुटका अंगठा वर-खाली करणारं, किंवा मुंग्यांच्या रांगेत काडी आडवी ठेवून पुढे काय होतं ते बघणारं. अशा मुलापुढे काका येऊन उभे राहतात, कमरेत किंचित वाकतात आणि विचारतात, "बेटा, सध्या काय चाललंय तुझं?" मूल खरं तेच सांगतं, "काही नाही." त्यावर काकांचा चेहरा फलाटावर गाडी रद्द झाल्याची घोषणा ऐकलेल्या माणसासारखा होतो.

डोंबिवलीत हा नमुना एकच आहे असं कुणी समजू नये. प्रत्येक सोसायटीत तो सापडतो. कुठे तो आजोबांच्या रूपात असतो, कुठे आईच्या, कुठे निवृत्त मुख्याध्यापिकेच्या. ओळखण्याची खूण एकच, मूल दिसलं की त्याची नजर आधी मनगटावरच्या घड्याळाकडे जाते. पण आमचे शिट्टीकाका म्हणजे या जातीतला सर्वगुणसंपन्न नग.

काकांनी 34 वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं. कुठलं यंत्र कुठल्या पाळीत किती वेळ चालेल, याचे तक्ते करायचे आणि यंत्र थांबलं की कुणामुळे थांबलं ते शोधायचं. 'आयडल टाइम' हा शब्द ते आजही बायकामाणसांसमोर आवाज उतरवून उच्चारतात. निरोप समारंभात कंपनीने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. गळ्यातली शिट्टी मात्र काकांनी स्वतः मागून घेतली. ती फायर ड्रिलची होती. 34 वर्षांत आग एकदाही लागली नाही, त्याचं श्रेय ते त्या शिट्टीला देतात.

निवृत्तीनंतरचा पहिला आठवडा त्यांनी स्वयंपाकघराला दिला. कणीक मळण्यापासून फोडणीपर्यंतचा तक्ता करून तो फ्रिजवर लावला आणि आमटी उकळायला ठेवल्यावर काकू नुसत्या उभ्या असतात, हे सप्रमाण दाखवून दिलं. काकूंनी आठवडाभर सोसलं. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही जरा पाळणाघराकडे बघता का?" हे वाक्य आपण का बोललो, असं काकू आता अधूनमधून स्वतःलाच विचारतात.

काकूंचं पाळणाघर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. आईवडील दोघंही मुंबईला नोकरीला, परतीची फास्ट लोकल मिळाली तर सात, नाही मिळाली तर आठ. तोवर शाळा सुटलेली वीस-एक मुलं काकूंकडे. पद्धत जुनी आणि सुटसुटीत होती. आल्यावर हातपाय धुवायचे, वरण-भात खायचा, आडवं व्हायचं. साडेचारला दूध आणि पोहे. मग काकू दार उघडून म्हणायच्या, "जा बाहेर. रक्त आलं तर आत या." एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. नियम तीन होते. टाकीच्या झाकणावर चढायचं नाही, गेटबाहेर जायचं नाही आणि कुणाला एकटं पाडायचं नाही. बाकी कंपाउंड मुलांचं. काकू दारात स्टूल टाकून मटार सोलत बसायच्या. मुलांकडे बघत नाहीत असं वाटायचं, पण टाकीच्या झाकणापाशी कुणाचा पाय वळला की मटारावरची नजर न काढता नाव घेऊन हाक यायची.

या व्यवस्थेत काकांना सर्वत्र आयडल टाइम दिसला.

महिन्याभरात भिंतीवर पांढरा बोर्ड आला. साडेचार ते पावणेपाच दूध. मग अबॅकस. मग श्लोक आणि शुद्ध उच्चार. मग सुंदर हस्ताक्षर. त्यानंतर 'ब्रेन जिम' नावाचा एक प्रकार, ज्यात डाव्या हाताने उजवा कान आणि उजव्या हाताने नाक धरायचं असे. शेवटी दहा मिनिटं 'आजची बातमी'. गळ्यातली शिट्टी दर अर्ध्या तासाने वाजू लागली आणि काकांचं बारशातलं नाव लोक विसरून गेले. पालक मात्र हरखले. फी वाढली, तरी प्रवेशासाठी रांग लागली. संध्याकाळी सातला दमून-भागून आलेल्या आईला "आज काय केलंस?" याचं उत्तर "खेळलो" असं मिळण्याऐवजी पाच ओळींचा अहवाल मिळू लागला. अपराधी वाटणं कमी झालं. माणूस दिवसभर घराबाहेर असला की पाच ओळींचाही आधार वाटतो, हे काकांना बरोबर कळलं होतं.

मुलांनी यावर उपाय काढला. सगळ्यांना एकदम शू लागू लागली.

वेळापत्रकात शू बसवलेली नव्हती, त्यामुळे ती काकांना अडवता येईना. मोरीत एका वेळी चार-पाच मुलं, आतून कडी आणि बाहेर नुसता हसण्याचा आवाज. आत एक बादली, दोन मग आणि साबणाची एक चकती एवढ्या साहित्यावर 'जहाज बुडालं' नावाचा खेळ रंगात आला होता. त्याचे नियम आजतागायत कुठल्याही मोठ्या माणसाला कळलेले नाहीत. काकांनी शूसाठी नोंदवही घातली. नाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, कारण, सही. दुसरीतल्या एका मुलीने 'कारण' या रकान्यात व्यवस्थित लिहिलं, 'शू'. पुढचे दोन दात पडलेली ही मुलगी पुढेही या हकिकतीत येणार आहे. काकू तिला वकीलबाई म्हणतात.

काकांचं मतपरिवर्तन झालं ते एका डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांचा मुलगा काकूंकडे असतो. त्या बालरोगतज्ज्ञ. एकदा बोर्ड बघून त्यांनी सहज विचारलं, "काका, यात खेळाचा तास कुठाय?" आणि सांगितलं, की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2018 मध्ये खेळावर एक मोठा अहवाल काढला. डॉक्टरांनी लहान मुलांच्या आईवडिलांना औषधासारखा खेळही लिहून द्यावा, असं त्यात सुचवलंय. दुसरा कुणी हे ऐकून बोर्ड पुसून मोकळा झाला असता. काकांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "डोस किती?"

पुढचे पंधरा दिवस काका वाचत होते. वाचनात माणूस तल्लख. बाल हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं 31वं कलम त्यांना तोंडपाठ झालं. मुलाला विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क आहे, करार 1989चा, भारताने तो 1992च्या डिसेंबरात मान्य केला, असं ते भाजीवाल्यालाही सांगू लागले. सोमवारी बोर्डावर नवी ओळ उमटली. पावणेसहा ते सव्वासहा, मुक्त खेळ (अनिवार्य).

त्या पहिल्या मुक्त खेळाला मी गॅलरीतून हजर होतो. काकांनी मुलांना उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं, घड्याळ पाहिलं, शिट्टी फुंकली आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "खेळा!" ओळ हलली नाही.

"काका, काय खेळायचं?"

"काहीही!"

"काहीही म्हणजे कुठलं?"

"तुमच्या मनाला येईल ते. त्याचे फायदे फार आहेत. आज मनाला काय येतंय ते प्रत्येकाने एकेक करून सांगा. रोल नंबर एक."

रोल नंबर एकच्या मनात घरी जायचं होतं. ते पर्यायांत बसत नव्हतं. बरीच चर्चा होऊन डबा ऐसपैस ठरलं, तोवर सहा वाजले होते. मग काकांना डब्याची कड गंजलेली दिसली. धनुर्वाताच्या भीतीने तो बाद होऊन त्याच्या जागी प्लॅस्टिकची बरणी आली, जी कितीही लाथाडली तरी आवाज करत नव्हती. आवाज नाही तर डबा उडाल्याचं लपलेल्यांना कळणार कसं? ही अडचण वकीलबाईंनी मांडली. काका म्हणाले, "मी शिट्टी वाजवीन."

त्याहून मोठा प्रश्न सुरक्षेचा होता. वीस मुलं एकाच वेळी लपणार म्हणजे वीस मुलं एकाच वेळी बेपत्ता! काकांनी लपण्याची नोंदवही केली. लपण्यापूर्वी प्रत्येकाने नाव आणि लपण्याची जागा लिहून जायचं. ज्याच्यावर राज्य होतं तो चौथीतला मुलगा आज्ञाधारक होता. त्याने शंभर अंक मोजले, डोळे उघडले, वहीपाशी गेला आणि शांतपणे वाचू लागला. बारा मिनिटांत सगळे सापडले. काकांनी कौतुकाने पाठ थोपटली. एवढ्या थोड्या वेळात डबा ऐसपैसचा डाव पुरा झाल्याचं सोसायटीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मग मुलं ओळखू यावीत म्हणून नाव छापलेले टी-शर्ट आले. ज्यांनी डबा ऐसपैस खेळलाय त्यांना पुढचं सांगायला नको. चुकीचं नाव घेतलं की अंडं फुटतं आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच, म्हणून लपल्या जागी शर्ट बदलायचे, ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. पाठीवर ठळक अक्षरांत नाव असलेला शर्ट म्हणजे तर पर्वणीच. आठवडाभर एकाचंही नाव बरोबर घेतलं गेलं नाही. काकांनी स्वतःच तीन मुलांच्या हाती भलत्याच मुलांची दप्तरं दिली.

पालकसभेत मुक्त खेळाचं जोरदार स्वागत झालं. एका आईने विचारलं, "आमचा यात मागे तर पडत नाहीये ना?" एका वडिलांना घरी प्रॅक्टिस काय घ्यायची ते हवं होतं. तिसऱ्यांनी रविवारची जादा बॅच काढता येईल का, याची चौकशी केली, आणि ज्यांच्या मुलीने अबॅकसच्या चार पायऱ्या पार केल्या होत्या त्यांनी 'फ्री प्ले लेव्हल टू' कधी सुरू होणार म्हणून विचारलं. काकांनी सगळं लिहून घेतलं. काकू चहा देत होत्या. त्यांनी कपबशी जरा आवाज करून ठेवली.

काकूंचं मत वेगळं होतं. तरुणपणी त्यांनी बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला होता आणि सहलीला डहाणूजवळच्या कोसबाडला जाऊन आल्या होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली आणि पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाईंनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं शाळेला येऊ शकत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात गेली. काकू म्हणाल्या, "त्या बायका मुलं होती तिथे गेल्या. आमचे हे, बाहेर धडपणे खेळणारी मुलं आत आणतात आणि मग त्यांना बाहेर जायला शिकवतात."

काकांनी हेही लिहून घेतलं.

त्यांना खरी बोच होती ती भांडणांची. स्टॉपवॉच लावून त्यांनी एका संध्याकाळच्या क्रिकेटचा हिशेब काढला. अर्ध्या तासातली 21 मिनिटं वाद, 9 मिनिटं खेळ. कारखान्यात असं यंत्र त्यांनी भंगारात काढलं असतं. त्या दिवशीचा वाद मी ऐकला होता. चेंडू पार्क केलेल्या मोटारीच्या खालून गेला तर किती धावा? चेंडू दिसत नाही तोवर पळायचं, असं एक पक्ष म्हणत होता. मग बॅट्समन संध्याकाळभर पळेल, असं दुसरा. तिसऱ्याने ते मोटारीवर ठेवलं, मारुती असेल तर दोन, मोठी गाडी असेल तर चार. मध्येच ज्याची बॅट होती तो म्हणाला, "मी नाही खेळत, जा!" आणि बॅट काखेत मारून निघाला. काकांचा हात शिट्टीकडे गेला. काकूंनी त्यांचं मनगट धरलं. तोवर मुलांत कुजबुज झाली, दोघं धावत गेले, बॅटवाल्याला एक जादा ट्राय बॉल कबूल झाला, मोटारीखालच्या सरसकट दोन ठरल्या आणि खेळ सुरू झाला.

अमेरिकेतले पीटर ग्रे नावाचे मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर हेच सांगत आलेत. खेळातून उठून जाण्याची मोकळीक प्रत्येकाला असते, म्हणून बाकीच्यांना त्याचं मन सांभाळावं लागतं. जो सगळ्यांवर दादागिरी करतो तो शेवटी एकटाच बॅट धरून उभा राहतो. वर्गात बाई समजूत घालतात, मैदानात ती स्वतःला घालावी लागते. काकांच्या 21 मिनिटांत नेमकं हे चाललं होतं. त्यांनी ते 'अपव्यय' या रकान्यात टाकलं.

यावर उपाय म्हणून काका नियमावली लिहायला बसले. आधाराला इतिहासही काढला. खो-खोसुद्धा आधी वाटेल तसा खेळला जायचा, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये नियम केले म्हणून तो पुढे आला. गोट्यांसाठी तर थेट जाँ पियाजे! या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना बरंवाईट कसं कळतं हे शोधायला न्यूशातेल आणि जिनिव्हाच्या मुलांबरोबर गोट्या मांडल्या आणि 1932 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याची युक्ती अशी, की आपल्याला काही येत नाही असं दाखवायचं आणि मुलांना नियम शिकवायला सांगायचं. लहान मुलांना नियम देवाने किंवा बापाने दिलेले आणि अढळ वाटतात. मोठी झाली की ते आपणच केलेत, सगळे हो म्हणाले तर बदलताही येतील, हे त्यांना उमगतं.

काकांनी प्रयोग करायचा ठरवला. ते कंपाउंडमध्ये मांडी घालून बसले आणि वकीलबाईंना म्हणाले, "बेटा, मला गोट्यांमधलं काहीच येत नाही असं समज."

"समजायचं कशाला?" ती म्हणाली. "खेळा ना. दिसेलच."

तिने वीस मिनिटांत काकांकडून अकरा गोट्या जिंकल्या. मध्ये दोनदा नियम बदलले, दोन्ही वेळा मोठ्याने जाहीर करून, बाकीच्यांना विचारून. काकांनी हरकत घेतली. "बेटा, काल तर तू वेगळं म्हणाली होतीस." तिने समजावलं, "काल ऊन होतं, काका. आज माती ओली आहे." काका लिहायचे थांबले. ओल्या मातीत गोटी घरंगळत नाही, म्हणून वीत मोजायची ती दोन वितींची करावी, या कलमात त्यांना खोट काढता येईना.

छोटूच्या प्रकरणात तर त्यांची पुरती पंचाईत झाली. छोटू साडेतीन वर्षांचा. थोरल्या बहिणीच्या मागून सगळ्या खेळांत येतो. लपताना फक्त डोळे झाकतो आणि हाक मारली की "ओ!" देतो. तो कच्चं लिंबू. त्याला कधी आउट करायचं नाही, त्याच्यावर राज्य द्यायचं नाही, पण खेळात मात्र घ्यायचंच. चेंडू त्याच्याकडे गेला तर हळू टाकायचा आणि त्याने पकडला की सगळ्यांनी ओरडायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं, अबॅकसच्या कुठल्याही पायरीत नव्हतं. काकांना नियमावलीसाठी निकष हवे होते. "कच्चं लिंबू कोणत्या वयापर्यंत? उंचीची अट काय? अर्ज कुणाकडे?" मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. वकीलबाई म्हणाल्या, "त्याला वाटलं की तो सांगतो, मी पिकलो. मग एकदा त्याच्यावर राज्य देऊन बघायचं. रडला तर परत कच्चा."

त्या रात्री काका उशिरापर्यंत जागे होते, असं काकूंनी सांगितलं. कोपनहेगनमधल्या एम्ड्रुपबद्दल वाचत होते. सॉरेनसन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आलं, की त्याने आखलेल्या सुबक बागांपेक्षा मुलांना बांधकामाच्या जागा आवडतात. म्हणून 1943 मध्ये, देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, तिथे फळ्या, विटा आणि भंगार टाकून एक मैदान मुलांना दिलं. त्याच्यावर नेमलेला पहिला माणूस जॉन बर्टेलसन. मुलांना आपण काहीही शिकवणार नाही, हे त्याचं धोरण.

काका बिछान्यात उठून बसले. "अगं, मग त्याला पगार कशाचा द्यायचे?"

"न शिकवण्याचा," काकू कूस बदलत म्हणाल्या. "झोपा आता."

योगायोगाने त्याच आठवड्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी कंपाउंडमध्ये रेतीचा ढीग पडला. मुलांनी तो ताब्यात घेतला. पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी धरण, तिसऱ्या दिवशी धरणफुटी आणि विस्थापितांचं पुनर्वसन. चौथ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवला. रेतीची नासाडी होते, गाड्यांना चरे पडतात, तेव्हा आवारात 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावावी.

काका उभे राहिले. बरोबर फाइल होती. सुरुवात 31व्या कलमाने झाली. सेक्रेटरी म्हणाले, "ते संयुक्त राष्ट्रांचं झालं. आपले उपविधी वेगळे आहेत." काकांनी फाइलचं पान उलटलं आणि तिथून पुढे मी त्यांना खऱ्या अर्थाने कामावर पाहिलं. संध्याकाळी पाच ते सात आवारात किती दुचाक्या येतात, किती जातात, कुठली कुठे लागते, कुठली महिनोन् महिने हलतच नाही, याचा तक्ता सभेत फिरला. न हलणाऱ्यांतली एक सेक्रेटरींची होती. तिच्या चाकांत हवा नव्हती आणि सीटवर मांजराचा संसार होता. एवढ्या अकरा गाड्या मागच्या बाजूला गेल्या, तर पुढचं अंगण दोन तास मोकळं राहतं, हे काकांनी रंगीत पेन्सिलीने दाखवलं. रेती चाळून परत ढीग लावण्याचं काम कोण करील, किती वाजता, तेही लिहून आणलं होतं. हरकत घ्यायला जागाच ठेवली नव्हती. पाटी रंगवून आलेली होती, ती वाया जायला नको म्हणून मजकूर बदलला. आता तिथे लिहिलंय, 'येथे सायंकाळी 5 ते 7 गाड्या लावण्यास सक्त मनाई आहे.'

काकांसारख्यांचा उपयोग काय, याचं उत्तर त्या पाटीवर आहे. मुलांना मोकळा वेळ आणि मोकळी जागा आपोआप मिळत नाही. ती कुणीतरी मोठ्यांशी भांडून मिळवावी लागते आणि मोठ्यांशी भांडायला तक्ते, कलमं, रंगीत पेन्सिली सगळं लागतं. एकदा अंगण मोकळं झालं की आत काय करायचं याची चिंता मुलांवर सोडावी. या कामाला शिट्टीकाकांइतका लायक माणूस नाही, फक्त त्यांनी कुंपणाशी थांबायला हवं. थांबणं मात्र त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही.

म्हणून ते आत शिरले. श्लोक आणि ब्रेन जिम बोर्डावरून गेले, अबॅकस आठवड्यातून दोनदा उरला, पण "मी नुसता बघतो" म्हणत काका विषामृतमध्ये उतरले. पहिल्याच मिनिटाला त्यांना विष लागलं. ते गोठून उभं राहायला तयार होईनात. स्पर्श शर्टाला झाला, शरीराला नाही, असा त्यांचा मुद्दा. मग टाइमप्लीज घेतली आणि ती किती वेळ टिकते यावर खुलासा मागितला. आबाधोबीत चेंडू पाठीत बसल्यावर फेकण्याच्या वेगावर मर्यादा सुचवली. लगोरीत फरशा उंचीप्रमाणे रचण्याची शास्त्रीय पद्धत समजावून सांगेपर्यंत लगोरी फुटली. खेळ थांबला. मुलं गोल करून कुजबुजली. काका मधोमध उभे, गळ्यात शिट्टी, कपाळावर घाम.

वकीलबाई पुढे आल्या. "काका, आमचं ठरलंय. तुम्ही कच्चं लिंबू."

कुणीतरी हसेल असं मला वाटलं, पण मुलं गंभीर होती. छोटूने सरकून काकांना शेजारी जागा करून दिली. पुढच्या डावात चेंडू काकांकडे आला तो हळू आला, काकांनी तो झेलला आणि वीस मुलं गळा फाडून ओरडली. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. 34 वर्षांत त्यांच्या कुठल्याही तक्त्यावर कुणी ओरडलं नव्हतं.

ही एखादी मानद पदवी आहे असं त्यांना दोन-तीन दिवस वाटत होतं. पालकांना त्यांनी तसं सांगितलंही. मग छोटू पिकला. स्वतः येऊन त्याने सांगितलं, त्याच्यावर राज्य आलं, तो रडला नाही. आता लिंबात काका एकटेच उरले. त्यांनी वकीलबाईंना गाठून विचारलं, "बेटा, मी कधी पिकणार?"

तिने विचार केला. "तुम्हाला हरता आलं की."

काकांनी हे मनावर घेतलंय. सध्या फ्रिजवर पुन्हा एक तक्ता आहे. साडेआठ ते नऊ, हरण्याचा सराव, पत्ते, काकूंबरोबर. काकू सांगतात, काल त्यांनी सातही डाव ओळीने हरून दाखवले आणि वर विचारलं, "डोंबिवलीत हा उच्चांक असेल ना?"